अकोल्याले गेलेली बारावी

बार्शीटाकळी तालुक्यात बारावी सायन्स कुठं भरते असं कोणी विचारलं तर खरं उत्तर आहे : अकोल्यात. कागदावर ती इथंच भरते. हजेरीपटावर साठ नावं असतात, बोर्डाचे फॉर्म वेळेवर जातात, प्रॅक्टिकलच्या वह्या कपाटात रचलेल्या असतात (त्या कोणी उतरवल्या ते विचारू नये). पण घंटा झाल्यावर बाकावर येऊन बसतात ते नऊ-दहा जण. त्यातही पोरी जास्त, कारण त्यांना घरून अकोल्याला राहू देत नाहीत. बाकीचे पहाटेची एसटी नाहीतर पॅसेंजर धरून अकोल्याला, किंवा तिथंच चौघांत एक रूम करून. अंतर अठरा-वीस किलोमीटरचं. मी तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात २७ वर्षं बायोलॉजी शिकवली. शेवटची सात-आठ वर्षं मायक्रोस्कोपवरची धूळ पुसण्यात आणि पटावर 'उपस्थित' लिहिण्यात गेली.

लोक याचं खापर क्लासवाल्यांवर फोडतात. मी फारसं फोडत नाही. गिऱ्हाईक जिथं जाते तिथं दुकान लागतेच. २०१८ साली सरकारनं सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. पोरांनी अंगठा लावावा म्हणजे ती वर्गात सापडतील, असा हिशेब. वर्गात त्यांच्यासाठी काय उरलं आहे, हे मात्र कोणी विचारलं नाही. वर्गात बोर्डाचा अभ्यासक्रम, आणि डॉक्टरकीच्या दारात बोर्डाच्या मार्कांची किंमत किती? फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्याला ५० टक्के, राखीवला ४०. तेवढे पडले की झालं. त्यापुढं बारावीत ६० काय अन् ९५ काय, सारखंच. ज्या परीक्षेनं आमच्या बारावीला असं किमतीतून काढलं, ती नीट. माझं भांडण तिच्याशी आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा मेडिकलचा प्रवेश बारावीच्या मार्कांवर होता. मग राज्याची सीईटी आली. ती काही गंगेत न्हालेली नव्हती. क्लास तेव्हाही होते, लातूर पॅटर्नचा बोलबालाही तेव्हाचाच. पण सीईटीचा पेपर आमच्याच बोर्डाच्या पुस्तकातून निघे आणि चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नसत. वर्गात मन लावून बसलेलं पोरगं त्या पेपरला निदान ओळखत असे. ५ मे २०१३ रोजी पहिली नीट झाली, जुलैत सुप्रीम कोर्टानं ती रद्द ठरवली, ११ एप्रिल २०१६ रोजी त्याच कोर्टानं तो निकाल मागे घेतला आणि २८ एप्रिलला हुकूम दिला की परीक्षा याच वर्षी, पहिला टप्पा १ मे रोजी. म्हणजे तीन दिवसांनी! आमची पोरं ५ मेच्या सीईटीची तयारी करत बसली होती. त्या आठवड्यात पोरं माझ्या घरी यायची आणि एकच विचारायची, "सर, आता हे पुस्तक वाचू का ते?" शेवटी २४ मे रोजी अध्यादेश निघाला, तेवढ्या वर्षापुरता राज्यांच्या सीटांना आडोसा मिळाला. पुढच्या वर्षीपासून सगळा कारभार नीटचा.

१८० प्रश्न, ७२० मार्क. बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक. प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकाच्या ओळीओळीतून. एका प्रश्नाला जेमतेम एक मिनिट. याला विषय येणं म्हणत नाहीत, याला हात बसणं म्हणतात, आणि हात बसायला रोजचा सराव पेपर लागतो, तो फुकट मिळत नाही. पिंजरकडचा एक कास्तकार माझ्याकडं आला होता. पोरगी दहावीला तालुक्यात वरच्या नंबरात. "सर, पोट्टी म्हणते अकोल्याले धाडा. तुमीच सांगा, धाडू का नोको?" मी धाडा म्हणालो. दुसरं काय सांगणार? मग आम्ही दोघांनी ओट्यावर बसून हिशेब केला. क्लासची दोन वर्षांची फी सव्वा लाख. रूम आणि मेस महिन्याला सहा हजार धरले तर वीस महिन्यांचे एक लाख वीस हजार. झाले दोन लाख पंचेचाळीस हजार. त्याचं वावर पाच एकर, एकरी सहा क्विंटल सोयाबीन धरलं तर तीस क्विंटल. २०२४ साली हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण हंगामात बाजारात चार हजाराच्या आसपासच पदरात पडत होतं. म्हणजे वर्षाचे एक लाख वीस हजार. दोन वर्षांचं अख्खं सोयाबीन, बी-खत-फवारणी-मजुरी काही वजा न करता, एका पोरीच्या क्लासला पुरत नाही. तो हसला. म्हणाला, "मंग खाऊ काय सर, एमसीक्यू?" दीड एकर ठोक्यानं दिलं आणि पोरीला धाडलं.

तिची दुसरी अडचण फीपेक्षा मोठी होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पेशी, ऊती, प्रकाशसंश्लेषण सगळं तोंडपाठ. अकरावीत पुस्तक इंग्रजी, मास्तर अर्धा इंग्रजी, क्लास अख्खा इंग्रजी. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, हे खरं. पण मराठीत नीटची तयारी करून घेणारा क्लास मला तरी अकोल्यात सापडला नाही, आणि भाषांतरात घोळ झाला तर इंग्रजी मजकूरच अंतिम असा नियम आहे. भाषांतराचे घोळ होत नाहीत असं नाही. २०१८ साली तमिळ पेपरात ४९ प्रश्नांत चुका निघाल्या, मद्रास हायकोर्टानं १९६ मार्क द्यायला सांगितले, सुप्रीम कोर्टानं तो आदेश रद्द केला. मग कोणता शहाणा बाप पोरीला मराठी पेपर घ्यायला सांगेल?

आता २०२४ची गोष्ट सांगतो, कारण ती पोरगी त्या वर्षी बसली होती. परीक्षा ५ मेला झाली. बाया-पोरींच्या कानातलं, नाकातलं काढून घेतात, पूर्ण बाह्या चालत नाहीत, बूट चालत नाहीत. २०२२ साली आमच्या शेजारच्या वाशीमात तर मुलींना हिजाब-बुरखा काढायला लावल्याची तक्रार पोलिसांत गेली होती. एवढी झडती पोरींची. आणि पेपर मात्र हजारीबागला पेटीतून बाहेर पडला आणि पाटण्यापर्यंत पोचला. त्याचा फायदा १५५ जणांना झाला असं सीबीआयनं कोर्टात सांगितलं. लातुरातही दोन शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. ती बातमी मी दोनदा वाचली, मास्तराच्या जातीला शोभणारी नव्हती. निकाल १४ जूनला लागणार होता, तो लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, ४ जूनला लावला. ६७ जणांना ७२० पैकी ७२०! १,५६३ जणांना वेळ वाया गेला म्हणून वाढीव मार्क दिले, मग ते काढून घेतले, २३ जूनला त्यांची फेरपरीक्षा ठेवली, तिला ८१३ जण आले. सुप्रीम कोर्टानं २३ जुलैला सांगितलं की पेपर फुटला हे खरं, पण सगळ्या परीक्षेची वाट लागावी इतका नाही, म्हणून फेरपरीक्षा नाही. कोर्टाचा निकाल मला मान्य आहे. तेवीस लाख पोरांना पुन्हा बसवणं हाही एक अन्यायच झाला असता.

पण त्या निकालातला एक बारका भाग पेपरवाल्यांनी पुढच्याच दिवशी सोडून दिला आणि मला तोच सगळ्यात जास्त डाचतो. फिजिक्सचा एक प्रश्न होता, अणूंच्या स्थिरतेबद्दलचा. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणं एक उत्तर, नव्या पुस्तकाप्रमाणं दुसरं. परीक्षा घेणाऱ्या एनटीएनं आधी दोन्ही उत्तरांना मार्क दिले होते. कोर्टानं आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारलं; त्यांनी नव्या पुस्तकातलं उत्तर बरोबर ठरवलं. जुनं उत्तर लिहिणारी चार लाखांवर पोरं होती. त्यांचे चार मार्क गेले आणि वर उणे एक, म्हणजे पाच गेले. ७२० वाले ६७ होते ते १७ उरले. आता सांगा, जुनं पुस्तक कोणाकडं असते? ज्याच्या घरी मोठ्या भावाचं पुस्तक धाकट्याला येते, जो अकोल्याच्या रद्दीच्या दुकानातून अर्ध्या किमतीत संच आणतो, त्याच्याकडं. विज्ञानाच्या दृष्टीनं तज्ज्ञांचं उत्तर बरोबर आहे, मी बायोलॉजीवाला असलो तरी एवढं मला कळते. पण पुस्तक सरकारचं, चूक पुस्तकातली, आणि पाच मार्क कापले ते सेकंडहँड पुस्तक वापरणाऱ्याचे. पिंजरच्या पोरीचंही पुस्तक जुनंच होतं. ५९० चे ५८५ झाले. आदल्या वर्षी तेवढ्या मार्कांत सरकारी सीटची आशा धरता आली असती. २०२४ला मार्क एवढे फुगले की यादीत तिचं नाव कुठंच आलं नाही.

आणि याच वर्षी खुल्या प्रवर्गात पात्र ठरायला किती मार्क लागत होते? १६२. इथं थोडं थांबून वाचा. ७२० पैकी १६२, म्हणजे शेकडा साडेबावीस. पर्सेंटाइलचा हिशेब आहे तो : निम्म्या पोरांच्या वर असलात की पात्र. असे तेरा लाखांवर पोरं पात्र ठरली आणि देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या जवळपास निम्म्या खाजगी. मग खाजगी अभिमत विद्यापीठात वर्षाला वीस-पंचवीस लाख मोजायची ज्याची ताकद आहे तो कितीतरी कमी मार्कांत आत, आणि ५८५ वाली बाहेर. पदव्युत्तर प्रवेशाला तर २०२३ साली पात्रतेची रेषा शून्य पर्सेंटाइलवर आणली. गुणवत्तेची ही चाळणी गरिबासाठी मैद्याची आहे आणि पैसेवाल्यासाठी वाळूची.

माझा एक मित्र अकोल्यात डॉक्टर आहे. तो मला दर वेळी ऐकवतो, "मास्तर, तुले जुने दिवस आठवत नाही. दर कॉलेजची येगळी परीक्षा, मागच्या दारानं डोनेशन, तिकडं व्यापमं. एक परीक्षा आली म्हणून ते तरी थांबलं." त्याचं म्हणणं अर्धं मला पटते. पोरानं पंधरा फॉर्म भरून पंधरा गावं हिंडावीत, हे परत नको. पेटीतून पैसे घेणं थांबलं असेल. पण आता तेच पैसे पावती फाडून घेतात.

त्यात २०२० च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं मेडिकलचा ७०:३० चा प्रादेशिक कोटा काढून टाकला. आधी विदर्भातल्या कॉलेजच्या ७० टक्के जागा विदर्भातल्या पोरांना होत्या. मराठवाड्याची तक्रार होती की आमच्याकडं कॉलेजं कमी, म्हणून आमची पोरं जास्त मार्क घेऊन मागे राहतात. ती तक्रार खोटी नव्हती. पण उपाय असा झाला की पिंजर, महान, धाबा इथली पोरं एकदम पुण्या-मुंबईच्या पोरांबरोबर एका रांगेत उभी केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमरावती, वाशीम, बुलडाण्याला नवी सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, त्याचा आनंद मलाही झाला. पण कॉलेज वाशीमात असलं म्हणून डॉक्टर वाशीमचा होत नाही. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सेवा द्यायची, नाहीतर दहा लाख भरायचे, असा बाँड आहे. वर्षभर मोबाइलवर दिवस मोजणारे डॉक्टर आम्ही पाहिले आहेत. त्यांचा तरी काय दोष, त्यांचं इथं कोण आहे? खेड्यात डॉक्टर टिकवायचा तर खेड्यातली पोरं मेडिकलला घ्या, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० सालीच लिहून ठेवलं आहे. पिंजरच्या बायकांना ते आधीच माहीत होतं.

तामिळनाडूनं रस्ता काढला. २०१७ साली तिथल्या अरियालूर जिल्ह्यात एका हमालाच्या मुलीनं बारावीत १२०० पैकी ११७६ मिळवले, नीटमध्ये ती मागे पडली, सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि शेवटी तिनं जीव दिला. त्या राज्यानं २०२० साली कायदा केला : सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्यांना मेडिकलच्या ७.५ टक्के जागा. परीक्षा नीटचीच, फक्त रांग वेगळी. मद्रास हायकोर्टानं २०२२ मध्ये तो कायदा ठीक ठरवला. महाराष्ट्राला हे करता येत नाही असं नाही. आपल्याकडं एक बदल करावा लागेल : जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावांत सातवी-आठवीला संपते, पुढं पोरं संस्थांच्या अनुदानित शाळांत जातात. म्हणून 'सरकारी शाळा' एवढंच लिहून चालणार नाही. ग्रामीण भागातल्या जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळेत पाचवी ते बारावी, खरोखर वर्गात बसून, असं लिहावं लागेल. तेव्हाच पटावरच्या साठ जणांना बाकावर बसायचं काही कारण मिळेल. मास्तरही मग वेळेवर येतील, हेही सांगून टाकतो.

पिंजरची पोरगी आता नर्सिंगला आहे. चांगली शिकते. तिच्या बापाचं दीड एकर अजून सुटलं नाही.

प्रवेशाच्या यादीत पोराचं नाव असते, मार्क असतात, प्रवर्ग असतो, मिळालेलं कॉलेज असते. तो पाचवी ते बारावी कोणत्या गावच्या कोणत्या शाळेत शिकला, हा रकाना नसतो. आधी तेवढा एक रकाना घाला. साडेसात टक्के ठेवायचे का दहा, ते मग यादी पुढ्यात घेऊन बोलू.