स्थलांतर आणि घरचीं माणसें

नवी नोकरी चालून आली म्हणजे प्रथम वेतनाचा आंकडा पाहिला जातो, व तें योग्यच आहे. प्रपंच पैशावांचून चालत नाहीं. परंतु स्थलांतराचा खरा खर्च सामानाच्या भाड्यावरून मोजतां येत नाहीं, असें आमचें मत आहे.

कविवर्य नारायण वामन टिळक १८९३ सालीं नोकरीनिमित्त राजनांदगांवास जात असतां आगगाडींतील एका युरोपीय सहप्रवाशानें त्यांस 'नवा करार' दिला. त्या प्रवासानें त्यांच्या आयुष्यास निराळें वळण लागलें. १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. मधलीं वर्षें त्या माउलीनें कशीं कंठिलीं, हें 'स्मृतिचित्रें' वाचणारांस ठाऊक आहेच. कर्ता पुरुष पुढें जातो. घरच्यांचें मन मागून, आपल्या पावलानें येतें.

आम्ही उभयतां नव्या नोकऱ्यांसाठीं अहिल्यानगराहून पुण्यास आलों, तेव्हां हाच अनुभव आला. शाळेचा दाखला व मंडळीचें पत्र आठवड्याभरांत हातीं आलें; पण मुलीस मधल्या सुटींत डबा खावयास सोबतीण मिळेपर्यंत सहामाही परीक्षा उजाडली.

म्हणून पालकांस विनंति कीं, होकार कळविण्यापूर्वीं घरांतील लहानथोरांचें म्हणणें ऐकून घ्यावें. निर्णय वडिलांनींच करावा. पण तो मुलांस शेवटच्या दिवशीं कळूं नये. आणि विद्यार्थिमित्रहो, वर्गांत कोणी नवा आला तर त्यास आपल्या बाकावर जागा द्या. दाखला शाळा देते. सोबत मात्र तुम्हीच देऊं शकतां.