आवाज आहे, चित्र नाही

परवा मगरिबनंतर आमच्या टीव्हीचा पडदा काळा पडला. आवाज मात्र ठणठणीत. दिवस पावसाळ्याचे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. अम्मींना ऐकू येत नाही. त्या पडद्यावरचा आकडा वाचूनच झोपतात. नुसता आवाज त्यांच्या काय कामाचा?

लेक म्हणाला, "हप्त्यावर नवा घेऊ." आम्ही म्हटले, आधी तपासू तर. रिमोटवर टीव्हीच्या मेनूचे बटण दाबले. मेनू दिसला असता तर दोष सेट-टॉप बॉक्सचा किंवा वायरचा. तोही दिसेना. मग खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरला. आत अंधुक चित्र हलत होते! म्हणजे पॅनल शाबूत. मागून उजेड देणाऱ्या एलईडी पट्ट्या गेलेल्या. त्यातला एक दिवा गेला की बहुधा सगळी ओळच विझते.

मागचे झाकण मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहू शकतो. कारागिराने पट्ट्या बदलल्या. हप्ता टळला, इस्राफही टळला.

रात्री अम्मी म्हणाल्या, "पाणी इशाऱ्याच्या खाली आहे. झोपा आता."