‘फुल रिस्टोर, फुल ओरिजिनल’ : दोन्ही एकदम कसं?

कराडात सकाळी विद्यानगरच्या रस्त्याला लागलात की एक आवाज हमखास कानावर पडतो. मागे वळून बघायची गरजच नसते. आरएक्स १००! ज्या गाडीचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, ती गाडी त्यानंतर जन्मलेल्या पोरांना का हवी असते, याचं उत्तर मला विचारू नका. माझ्या रूममेटला विचारा. दोन वर्षं सुट्टीत काम करून त्याने पैसे साठवले ते याच गाडीसाठी.

गेल्या महिन्यात त्याला एक गाडी सापडली. लालभडक टाकी, चकचकीत क्रोम, नवी सीट. किंमत एक लाख दहा हजार. विकणारा म्हणाला, ‘‘फुल रिस्टोर आहे भावा, फुल ओरिजिनल.’’ मित्राने पाच हजार टोकन देऊनही टाकलं. दुसऱ्या दिवशी मी सोबत गेलो. आरटीओत करतात तशी चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली. नंबर उमटला, पण वाकडातिकडा. शेवटचे तीन आकडे बाकीच्यांपेक्षा जाड, आणि त्यांच्या खाली ग्राइंडर फिरवल्याचे ओरखडे. ‘‘रंगाचा थर बसलाय ओ,’’ असं उत्तर मिळालं. आम्ही उठलो. टोकन अजून परत आलेलं नाही.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. गाडी पूर्ण रिस्टोर केली असेल, तर ती पूर्ण ओरिजिनल कशी? आणि ओरिजिनल असेल, तर रिस्टोर काय केलं? प्रश्न आपल्या गल्लीतला वाटतो, पण याच प्रश्नावर जगात कोट्यवधींचे लिलाव होतात आणि कोर्टात खटलेही चालतात.

जळक्या सांगाड्याचे साडेपंधरा कोटी

ऑगस्ट २०२३, अमेरिकेतलं मॉन्टेरे. आरएम सदबीज या लिलाव कंपनीने एक फेरारी विक्रीला काढली. १९५४ ची ५०० मोंडियल. गाडी म्हणायचं ते केवळ सवयीने. साठच्या दशकात शर्यतीत जळलेला आणि चेपलेला तो एक पत्र्याचा गोळा होता. आपल्याकडे भंगारवाल्याने तो किलोवर घेतला असता. तिथे बोली गेली १८ लाख ७५ हजार डॉलरवर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेपंधरा कोटी रुपये.

घेणाऱ्याने नक्की काय घेतलं? त्याने ओळख घेतली. फेरारीच्या कारखान्यातून निघालेला तो चेसिस नंबर जगात एकच आहे. त्या नंबराभोवती सगळी गाडी नवी उभी करता येईल, पण नंबर नसेल तर कितीही सुंदर गाडी बनवा, ती नक्कलच.

आता दुसरं टोक बघा. मे २०२२ मध्ये मर्सिडीजची १९५५ ची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे १३ कोटी ५० लाख युरोला विकली गेली. रुपयांत अकराशे कोटींच्या आसपास. लिलावात विकली गेलेली ही जगातली सर्वात महाग गाडी. अशा गाड्या बनल्याच दोन, आणि दोन्ही तोवर कंपनीच्याच ताब्यात होत्या. मालक बदलला नाही, इतिहासात भोक नाही, संशयाला जागा नाही. (विक्रीचे पैसे विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी वापरायचं कंपनीने जाहीर केलं. आपल्या कामाची बातमी म्हणून सांगितली.)

एक गाडी कोळसा झालेली, एक जपून ठेवलेली. दोन्हींच्या किमतीमागचं गणित एकच : मूळ ओळख, आणि ती सिद्ध करणारा पुरावा.

कोर्टात उभी राहिलेली बेंटली

पण सगळे पार्ट बदलत गेले तर? यावर लंडनच्या कोर्टात १९९० मध्ये एक गाजलेला खटला झाला. गाडी होती ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी बेंटली स्पीड सिक्स. फ्रान्समधली ल मां ही २४ तासांची शर्यत तिने १९२९ आणि १९३० अशी सलग दोनदा जिंकली. पुढे ती ब्रुकलँड्सच्या ट्रॅकसाठी बदलली. तिथे १९३२ मध्ये तिचा मोठा अपघात झाला आणि चालक क्लाइव्ह डनफी याचा मृत्यू झाला. मग ती पुन्हा बांधली, बॉडी बदलली; इंजिन तर अपघाताआधीच बदललं होतं. साठ वर्षांनी तिचा सौदा ठरला तो साधारण एक कोटी पौंडांचा. घेणारा ऐनवेळी म्हणाला, ‘ही ती गाडीच नव्हे.’

न्यायमूर्ती ऑटन यांनी पार्ट न् पार्ट तपासला. ल मां जिंकली तेव्हाचं गाडीत फारच थोडं उरलं होतं. तरी निकाल मालकाच्या बाजूने लागला. का? कारण गाडी एकदाही ‘संपली’ नव्हती. प्रत्येक बदल आधीच्या गाडीवर झाला, मध्ये खंड पडला नाही, आणि तिच्या जागी दुसरी कुठली गाडी ‘मीच ती’ म्हणून उभी नव्हती. तिला कारखान्यातून निघालेली मूळ अवस्थेतली गाडी म्हणता येणार नाही, पण ‘ओल्ड नंबर वन’ तीच, असं कोर्टाने मानलं.

हे समजायला लंडन कशाला, आपली ओगलेवाडी पुरे. तिथल्या ओगले काच कारखान्याचा प्रभाकर कंदील अजून काही घरांत आहे. त्याची काच किती वेळा बदलली असेल, वात तर मोजूच नका. तरी तो आजीचा कंदील तोच. पण कुणी नव्या कंदिलावर जुना शिक्का मारून विकायला आणला, तर? तिथे प्रश्न दुरुस्तीचा उरत नाही, फसवणुकीचा होतो. दोन्हींतली रेघ इथेच आहे.

मग भाव कशावर ठरतो?

जुन्या गाडीची किंमत साधारण चार गोष्टींवर ठरते.

पहिली, किती बनल्या आणि किती उरल्या. फेरारी २५० जीटीओ बनल्या फक्त ३६. त्यातली एक २०१८ मध्ये चार कोटी ८४ लाख डॉलरला गेली.

दुसरी, नंबर जुळतात का. चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स हे कारखान्यातून एकत्र निघालेलेच आहेत ना? एकाच गाडीवर दुसऱ्या गाडीचं इंजिन असेल, तर ती कितीही छान पळो, भाव उतरतो.

तिसरी, मूळ किती राखलंय. इथे आपली समजूत उलटी आहे. आपल्याला वाटतं, जितकी चकाचक तितकी महाग. संग्राहक म्हणतात, गाडी दहादा रिस्टोर करता येते, ओरिजिनल मात्र ती एकदाच असते. फिका पडलेला कारखान्याचा रंग एकदा खरवडला की संपला, तो परत आणता येत नाही. त्यामुळे आता मोठ्या प्रदर्शनांत हात न लावलेल्या गाड्यांसाठी वेगळा गट असतो. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिवा हिने ‘ट्युरिन चार्टर’ नावाची तत्त्वं ठरवली आहेत. त्यांचं सार हेच, की जे टिकवता येईल ते टिकवा, बदलावंच लागलं तर त्याची नोंद ठेवा. गडकिल्ल्यांवर दगडी भिंतीला सिमेंट फासलेलं बघून आपण का चिडतो? मागच्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, आपल्या प्रतापगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. तिथेही अस्सलपणाची कसोटी लागतेच. गाडीचं तत्त्व वेगळं नाही.

चौथी, गाडीची कहाणी. १९८५ मध्ये मेलबर्नला रवी शास्त्री ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ठरला आणि त्याला ऑडी १०० मिळाली. सगळी टीम त्या गाडीवर चढून मैदानभर फिरली. तशा ऑडी १०० जगात ढिगाने बनल्या, पण ती एकच. २०२२ मध्ये मुंबईतल्या सुपर कार क्लब गॅरेजने आठ महिने खपून ती पुन्हा पहिल्यासारखी केली. तिथे रिस्टोरेशन योग्यच होतं, कारण गाडी कोणाची, कुठून आली, कोणी काय बदललं, हे सगळं उघड आहे. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा लोक मोबाइल वर करतात ते काय नुसत्या पत्र्यासाठी? एका घराण्याशी आणि एका गावाशी तिचं नातं जोडलेलं आहे. तो भाव कुठल्याही मेकॅनिकला वाढवता येत नाही.

आपला कायदा काय म्हणतो?

आता घरच्या गोष्टीवर येऊ. जाहिरातीत सर्रास ‘व्हिंटेज आरएक्स’, ‘व्हिंटेज येझदी’ असं लिहिलेलं असतं. कायद्यात ‘व्हिंटेज’ला नेमका अर्थ आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकीच व्हिंटेज ठरते. अट काय, तर गाडी मूळ रूपात असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे ओरिजिनल असणं ही फक्त हौशी लोकांची चर्चा राहिली नाही, ती सरकारी अट झाली. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं. पण ती रोज कॉलेजला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते.

आता हिशेब करा. आरएक्स १०० आपल्याकडे आली १९८५ मध्ये. म्हणजे सर्वात पहिली आरएक्ससुद्धा व्हिंटेज होणार २०३५ ला! तोवर ती कायद्याने एक जुनी गाडी आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करून घ्यायची, एवढंच. याउलट कुणाच्या पडवीत १९७२-७४ ची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट धूळ खात असेल, तर ती आजच त्या व्याख्येत बसू शकते. ती कुणी ‘मॉडिफाय’ करायला निघालं असेल तर हात जोडून थांबवा.

फेरफारांबद्दलही कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदीत नसलेला बदल परवानगीशिवाय करता येत नाही. केलात तर प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंजिन बदललं तर आरसीवर तशी नोंद हवी. आणि चेसिस नंबर खोडून दुसरा पंच केलेला असेल, तर तो विषय दंडावर भागत नाही. गाडी चोरीची निघाली, तर पोलिस आधी उभे राहतात ते ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्या दारात. म्हणजे तुमच्या.

टोकन द्यायच्या आधी

पोरांनो, पाच हजार घालवून शिकलेलं फुकट सांगतो.

मूळ आरसी बघा, झेरॉक्स नको. चेसिस आणि इंजिन नंबरची पेन्सिलने छाप घ्या आणि आरसीशी आकडा न् आकडा जुळवा. अक्षरांची जाडी, ओळ, ओरखडे बघा. नेमक्या नंबरावरच रंगाचा जाड थर असेल तर तिथेच शंका घ्या.

एम-परिवहन अ‍ॅपवर नोंदणीची तारीख, मुदत आणि कर्जाचा बोजा तपासा. गाडी चोरीच्या यादीत नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सेवेत बघता येतं. एचएसआरपी पाटी बसलीय का विचारा. एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना ती सक्तीची झाली, आणि तिच्या बुकिंगला चेसिस-इंजिन नंबर सरकारी नोंदीशी जुळावे लागतात. पाटी नसेल तर ‘का नाही?’ हा साधा प्रश्न बरंच काही उघडं पाडतो.

काय बदललं, कधी बदललं, बिलं आहेत का, जुने पार्ट कुठे आहेत, हे विचारा. नीट काम करणारा माणूस अभिमानाने काढलेले पार्ट पिशवीतून दाखवतो. रिस्टोर करण्याआधीचे फोटोही मागा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘फुल ओरिजिनल’ या शब्दांना पैसे देऊ नका. रिस्टोर केलेली गाडी वाईट नसते. आपल्याकडच्या कारागिरांच्या हातात जादू आहे, कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखादा न मिळणारा पार्ट लेथवर बनवून देणारे आहेत. पण तो पार्ट नवा आहे, हे सांगून विकला तर ती कारागिरी. लपवून विकला तर फसवणूक. पार्ट तोच, फरक सांगण्याचा.

माझ्या मित्राचे एक लाख पाच हजार अजून बँकेत आहेत. परवा त्याला मसूरजवळच्या एका गावात दुसरी आरएक्स सापडली. टाकीचा रंग उडालेला, सीट फाटलेली, पहिलाच मालक, आरसी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. फोनवर मित्राने पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा नाही विचारला. म्हणाला, ‘‘काका, रंग कशाला मारताय? आहे तशीच राहू द्या. मी रविवारी पेन्सिल घेऊन येतो.’’