बांधणीची वाट

‘एकदा लिहावे, कोठेही चालवावे’ असे अभिवचन देऊन सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ मध्ये जावा ही संगणकभाषा प्रसिद्ध केली. हे अभिवचन पोकळ नव्हते. जावातील आज्ञावलीचे प्रथम बाइटकोड या मध्यम रूपात संकलन होते व त्या त्या संगणकावरील जावायंत्र ते रूप वाचून अमलात आणते. परंतु जेथे ते यंत्रच पोचलेले नाही, तेथे काय करावयाचे?

फ्रीबीएसडी ही १९९३ पासून चालत आलेली मुक्त संहितेची ऑपरेटिंग सिस्टिम होय. चालू शतकाच्या आरंभी तिच्यावर जावा उभी करू पाहणाऱ्यास, परवान्याच्या अटींमुळे, मूळ संहिता स्वतःच मिळवावी लागे व तीस स्वयंसेवकांनी रचलेल्या दुरुस्त्या जोडाव्या लागत. त्यातही जावाच्या बांधणीस आधी जावाच हवी! विरजणावाचून दही लागत नाही, तसाच हा प्रकार. आणि विरजण आणावयाचे ते शेजारच्या लिनक्सकडून. २००६ च्या नोव्हेंबरपासून सनने जावाची संहिता मुक्त करण्यास आरंभ केला, तेव्हा ही अडचण ओसरू लागली.

लायब्ररींची, म्हणजे इतरांनी वापरावयाच्या तयार आज्ञावलींच्या संचांची, अडचण मात्र उरली. स्नॅपी-जावा ही अशीच एक मुक्त लायब्ररी. माहिती आटोपशीर करण्याची गूगलची स्नॅपी ही पद्धती सी++ भाषेत आहे; ती या लायब्ररीमुळे जावास वापरता येते. तिच्या पेटीत प्रत्येक प्रणालीसाठी यंत्रभाषेतील तयार भाग वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. ज्या प्रणालीचा कप्पाच नाही, तेथे तो भाग मूळ संहितेवरून बांधावा लागतो.

अशा बांधणीत विघ्ने येतात ती क्षुल्लक असतात. सूचना जीएनयू वळणाच्या असल्या, तर फ्रीबीएसडीचा स्वतःचा ‘मेक’ त्यांत अडखळतो. जावाच्या शीर्षसंचिकांचा पत्ता देताना कोणी ‘लिनक्स’ हेच नाव कायमचे लिहून ठेवलेले असते. दुरुस्ती दोन ओळींची, शोध दोन दिवसांचा.

‘या प्रणालीस आधार नाही’ या शब्दांचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की तेथे कोणी जबाबदारी घेतलेली नाही. ‘आमच्यापाशी ती प्रणाली नाही, मग दुरुस्ती तपासावी कशी?’ हा मूळ कर्त्यांचा आक्षेप खोटा नव्हे. स्वीकारलेली ओळ पुढे वर्षानुवर्षे सांभाळावी लागते. पण नाकारलेली दुरुस्ती प्रत्येक नव्या आवृत्तीस कोणा स्वयंसेवकाने नव्याने बसवावयाची, हा न्याय त्याहून महागडा आहे. प्रणालीविशिष्ट ओळी एके ठिकाणी वेगळ्या ठेवणे, आणि तयार भागांबरोबर बांधणीची रीतही स्पष्ट लिहिणे, एवढे तरी कर्त्यांनी करावे. ज्यांची बांधणी यशस्वी झाली, त्यांनीही ती दुरुस्ती आपल्याच संगणकात न ठेवता मूळ कर्त्यांकडे धाडावी. स्नॅपी-जावात शुद्ध जावात लिहिलेला पर्यायही पुढे आला. तो निवडला असता यंत्रभाषेतील कप्प्याची गरजच पडत नाही.