दगड बोलतात, नावे बोलत नाहीत

बोरघाटातून गाडी जाते तेव्हा मुले बोगदे मोजतात. हा लोहमार्ग जी. आय. पी. रेल्वेने १८५६ ते १८६३ या काळात बांधला. सुमारे १५ मैलांत रूळ १,८३१ फूट वर न्यायचे होते. त्यासाठी २५ बोगदे खोदले आणि दऱ्यांवर ८ मोठे दगडी कमानी पूल उभारले. मुख्य अभियंता होते जेम्स बर्कले.

दगडी कमान बांधायची कशी? आधी खाली लाकडी सांगाडा उभा करायचा. त्यावर दोन्ही बाजूंनी घडीव दगड चुन्यात बसवत यायचे. शेवटी माथ्यावर मधला दगड बसला की सांगाडा काढायचा. मग प्रत्येक दगड शेजारच्याला रेटून धरतो आणि गाडीचा भार खांबांवर उतरतो. एकटा दगड खाली पडेल, पण एकमेकांना धरून राहिलेले दगड रेल्वे पेलतात.

हे काम केले कोणी? १८६१ साली एका वेळी चाळीस हजारांवर मजूर घाटात राबत होते. त्यांत बायका होत्या, मुलेही होती. कॉलरा आणि तापाने हजारो माणसे मेली. मजुरीच्या थकबाकीवरून जानेवारी १८५९ मध्ये मजूर खवळून उठले. पुढे ठेकेदार ट्रेडवेल वारला तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुरा केला. तिचे नाव इतिहासात आहे, ते योग्यच. पण डोक्यावरून दगड वाहणाऱ्या आमच्या माताभगिनींची नावे कोठे आहेत?

१८६७ साली यांतलाच एक मोठा पूल निकृष्ट बांधकामामुळे कोसळला. वरून कितीही भक्कम दिसो, आतले काम कच्चे असेल तर पूल टिकत नाही. समाजाचेही तसेच आहे.

याच जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला भरली. गँगमन म्हणून लागलेला आपला माणूस गँगमन म्हणूनच निवृत्त होतो, वर चढत नाही, हे दुःख तेथे परमपूज्य बाबासाहेबांनी मांडले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे त्यांनी बजावले.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरात कोणी आजोबा, पणजोबा रेल्वेत गँगमन, खलाशी होते काय? या रविवारी वडीलधाऱ्यांना विचारा. नाव, गाव, काम मुलांच्या हातून वहीत लिहून घ्या. सरकारी दप्तराने जे लिहिले नाही, ते आपणच लिहिले पाहिजे.

जय भीम!