कोहा: दान घेतले, देणे विसरलो

१/ १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. सेनगाव हा त्याचा एक तालुका. त्याच वर्षी न्यूझीलंडमधील लेव्हिन या लहान गावी एक ग्रंथालय संकटात होते. या दोन गावांचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो आपल्याला भूषणावह नाही. थ्रेड.

२/ लेव्हिनच्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी संगणकप्रणाली २००० साल उजाडताच कोलमडेल, अशी भीती होती. कॅटिपो कम्युनिकेशन्स या संस्थेने त्यांच्यासाठी पर्ल भाषेत, ब्राउझरवर चालणारी नवी प्रणाली लिहिली. जानेवारी २००० मध्ये ती कामाला लागली आणि पुढे मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुली झाली. तिचे नाव ‘कोहा’.

३/ पर्लच का? लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये ही भाषा प्रसिद्ध केली. त्यांचे शिक्षण भाषाशास्त्राचे होते आणि पर्लचे बळ मजकूर हाताळण्यात होते. ग्रंथालयाची तालिका म्हणजे मजकूरच की! तेव्हा वाचकाच्या प्रत्येक क्लिकला सर्व्हर पर्लचा कार्यक्रम नव्याने सुरू करी. आता प्लॅक या व्यवस्थेमुळे तो स्मृतीत तयार बसलेला असतो.

४/ आता आपल्याकडे या. ग्रंथालय स्वयंचलित आहे काय, हा प्रश्न नॅकच्या मूल्यांकनात असतो. कोहाला परवाना शुल्क नाही. तेव्हा महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांनी ती बसवली. पण कित्येक ठिकाणी समिती येऊन गेली आणि प्रणाली पोरकी झाली. एके दिवशी पडद्यावर ‘५००’ हा आकडा उमटतो आणि निदान ठरलेले असते: ‘पर्ल मेली, आता नवी प्रणाली विकत घ्या.’

५/ हे निदान नव्हे, हा आळस आहे. ‘५००’ म्हणजे सर्व्हरवर काहीतरी अडले, एवढेच. काय अडले ते सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिलेले असते. पर्लचा संदेश सहसा धारिकेचे नाव आणि ओळीचा क्रमांक देऊनच संपतो. एखादे मॉड्यूल सापडले नाही, तर ते कोणकोणत्या फोल्डरांत शोधले त्याची यादीही तो देतो. कार्यप्रणाली अद्ययावत केली आणि मॉड्यूले मागे राहिली, हे यामागचे नेहमीचे कारण. ते वाचायला अभियंता लागत नाही. लॉग उघडण्याची इच्छा लागते.

६/ विरोधी बाजूही मांडू. पर्ल जाणणारे आता विरळा. ज्या सीजीआय मॉड्यूलवर एका पिढीची संकेतस्थळे उभी राहिली, तेही २०१५ च्या ५.२२ आवृत्तीपासून मूळ संचात नाही. हे सारे खरे. पण कोहाच्या नव्या आवृत्त्या आजही दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येतात. मेलेली वस्तू वर्षातून दोनदा बाळसे धरत नाही! आणि भाषा बदलल्याने लॉग न वाचण्याची सवय बदलत नाही.

७/ खरे दुखणे याहून खोल आहे. समजा, सेनगावचा एक विद्यार्थी तालिकेत महात्मा फुले यांचा १८८३ चा ‘शेतकऱ्याचा असूड’ शोधतो. उत्तर येते: सापडले नाही. पुस्तक मात्र समोरच्या कपाटात! का? मराठीचा ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही एकच. संगणकाला दोन निराळे शब्द. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही त्यांना एकरूप करत नाही.

८/ उपाय अवघड नाही. कोहाचा झेब्रा हा शोधयंत्रणेचा भाग देवनागरीसाठी आयसीयू नियमांवर चालवावा. त्या नियमांच्या धारिकेत एक रूप दुसऱ्यात बदलणारी ओळ घालावी आणि निर्देशांक पुन्हा बांधावा. याहून मोठी सुधारणा हवी असेल, तर प्लगिन लिहावे. मूळ धारिकेत परस्पर दुरुस्त्या करू नयेत; पुढची आवृत्ती आली की त्या पुसल्या जातात आणि बोल पुन्हा पर्लला लागतो.

९/ ही ओळ लेव्हिनमधील कोणी लिहायची? त्यांनी ‘शेतकऱ्याचा’ हा शब्द कधी टंकलेला नाही. ती लिहिण्याचे काम मराठी माणसाचेच. आपण मात्र निविदा काढण्यात तत्पर आणि दोषाची नोंद धाडण्यात मुके. मराठी भाषेच्या अभिमानाची भाषणे पुष्कळ झाली. ‘ऱ’ सापडत नाही, ही तक्रार कितीजणांनी लिहिली?

१०/ ‘कोहा’ हा माओरी शब्द आहे. अर्थ: भेट, पण अशी भेट, जी स्वीकारणाऱ्यावर परतफेडीचे नैतिक ऋण ठेवते. आपण ‘फुकट’ एवढाच अर्थ घेतला. ते ऋण फेडायला कोटींचा निधी लागत नाही. एक नियम, एक दोषनोंद, एक मराठी टिपण. तोवर फुल्यांचे पुस्तक कपाटात राहील, आणि ज्या शेतकऱ्याच्या पोरासाठी ते लिहिले गेले, त्याला आपली तालिका सांगत राहील की असे पुस्तकच नाही.

(समाप्त)