ऑक्सिजन कमी झाला म्हणे! मग खाल्ला कुणी?

पंचगंगेत मासे मेले की एक ठरलेलं वाक्य येतं. "पाण्यातील ऑक्सिजनचे प्रमाण कमी झाल्याने मासे मृत झाले." झालं, विषय संपला. तेरवाडचा बंधारा असो नाहीतर शिरोळचा, वाक्य तेच. पंचनाम्यात "श्वास थांबल्याने मृत्यू" एवढंच लिहायचं आणि गळ्यावरचे वळ बघायचेच नाहीत, त्यातला हा प्रकार.

मुळात मासा पाण्यात किती थोडक्यावर जगतो ते बघा. एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो. आणि पाणी ३० अंशांवर असेल तर एक लिटरमध्ये हवेतून विरघळून विरघळून किती विरघळणार? साडेसात मिलिग्रॅम. बस्स. त्यात पाणी हवेच्या आठशे पट जड. ते तोंडाने घ्यायचं आणि कल्ल्यांवरून मागे ढकलत राहायचं, दिवसरात्र. कल्ल्यांच्या लाल झालरीत रक्त पाण्याच्या उलट्या दिशेने वाहतं, म्हणून पाणी बाहेर पडेपर्यंत त्यातला ऑक्सिजन रक्तात ओढला जातो. कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया त्याच वाटेने बाहेर जातात. आता बाहेरच्या पाण्यातच गटाराचा अमोनिया भरलेला असेल तर आतला जाणार कुठे?

म्हणजे माशाच्या यंत्रात खोट नाही. पाण्यातला ऑक्सिजन कुणीतरी संपवतंय.

तो संपतो कसा, यात काही गूढ नाही. सांडपाणी आणि मळी हे जिवाणूंचं जेवण. ते जेवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. किती वापरतील त्याचं माप म्हणजे बीओडी. डिस्टिलरीच्या प्रक्रिया न केलेल्या स्पेंटवॉशचा बीओडी लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्या घरात असतो. साडेसातने भागा. असलं एक लिटर पाणी स्वच्छ नदीच्या पाच हजार लिटरांचा ऑक्सिजन फस्त करू शकतं! दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात रिकामा केला तर हिशेब पाच कोटी लिटरवर जातो. वाहती नदी हवेतून थोडा ऑक्सिजन परत घेते, मान्य. पण बंधाऱ्याला तुंबलेलं, वर जलपर्णी पसरलेलं पाणी काय घेणार?

शहराचं मैलापाणी यापेक्षा सौम्य, पण ते रोज येतं, बारा महिने. कोल्हापूर म्हणणार इचलकरंजीचं, इचलकरंजी म्हणणार कोल्हापूरचं, आणि दोघं मिळून कारखान्यांकडे बोट दाखवणार. शिरोळ तालुक्याने मात्र सगळ्यांचं प्यायचं.

आता नमुन्यांची गंमत. पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री स्वतःच वापरतं. त्यामुळे अशा पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे, सूर्य उगवायच्या आधी. म्हणूनच मासे पहाटे तोंडं वर काढून तडफडतात. साहेबांची गाडी येते अकरा-बाराला, चांगलं ऊन पडल्यावर. मग आकडा बरा निघाला की "पाणी समाधानकारक"! रात्री चोरी झाली आणि दुपारी बघितलं तर घरात चोर नव्हता.

दुसरा युक्तिवाद, "अहो, काही मासे जिवंत आहेत की." आहेत ना. मरळ आणि मागूर. त्यांना वर येऊन थेट हवेतून श्वास घेता येतो. रोहू-कटल्याला ती सोय नाही. मरळ जिवंत दिसते म्हणून पाणी चांगलं ठरवणाऱ्याने स्वतः त्यातला एक तांब्या प्यावा. (आणि मेलेले मासे पोत्यात भरून विकायला नेणाऱ्यांनो, तुम्हीही जरा दमानं घ्या. ते कशाने मेले हे अजून कुणालाच माहीत नसतं.)

केंद्रीय प्रदूषण मंडळाचे निकष स्पष्ट आहेत. मत्स्यजीवनासाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन, आंघोळीच्या पाण्याला ५. नृसिंहवाडीच्या संगमावर भाविक डुबकी मारतात ते पाणी पंचगंगेतूनच आलेलं असतं.

तेव्हा यापुढे मासे वर आले की अधिकाऱ्यांना चारच गोष्टी विचारा. नमुना किती वाजता घेतला? बंधाऱ्याच्या वर घेतला की खाली? ऑक्सिजन जागेवरच मोजला, की बाटली तशीच गाडीतून नेली? आणि वरच्या बाजूला कोणकोणत्या ओढ्या-नाल्यांच्या तोंडाशी त्याच दिवशी नमुने घेतले? उत्तरं लेखी मागा, आणि पंचनाम्यावर गावातल्या दोघांच्या सह्या झाल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.